पोलीस सेवा : प्रवेश आणि वेतन

पोलीस ठाण्यात पाऊल टाकणाऱ्या सामान्य नागरिकाला सगळे खाकी गणवेश सारखेच वाटतात. खांद्यावरील आणि बाहीवरील चिन्हांचा अर्थ त्याला सहसा ठाऊक नसतो. त्या चिन्हांमागे मात्र एक काटेकोर उतरंड उभी असते आणि तिच्या प्रत्येक पायरीवरचे वेतन, अधिकार व भवितव्य निरनिराळे असते. पोलीस दलात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की तळाच्या पायरीवर प्रवेश करून क्रमाक्रमाने शिखर गाठावे, अशी भारतीय पोलीस दलाची रचना नाही. या दलाला चार स्वतंत्र दरवाजे आहेत. शिपाई, उपनिरीक्षक, उपअधीक्षक आणि भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी हे ते चार दरवाजे होत. माणूस ज्या दरवाजाने आत येतो, त्यावरून तो कोठवर जाईल आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाती काय पडेल, हे बहुतांशी ठरून जाते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे दोन्ही विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. म्हणून देशात एकच एक पोलीस दल नाही. प्रत्येक राज्याचे दल वेगळे, भरतीचे नियम वेगळे आणि वेतनश्रेणीही वेगळ्या. केवळ भारतीय पोलीस सेवा ही अखिल भारतीय स्वरूपाची आहे. घटनेच्या ३१२व्या अनुच्छेदात तिचा नावानिशी उल्लेख आहे. तिचे अधिकारी केंद्र शासन नेमते व ते राज्यांकडे सोपविले जातात. या द्विविध व्यवस्थेचे मूळ शोधावयाचे, तर एकोणिसाव्या शतकाकडे वळावे लागते.

रचनेचा उगम

१८५७च्या उठावानंतर ब्रिटिश शासनाने १८६० मध्ये एक पोलीस आयोग नेमला आणि त्याच्या शिफारशींवरून १८६१चा पोलीस कायदा संमत झाला. राज्यकर्त्यांना हवे होते ते आज्ञाधारक, स्वस्त आणि शस्त्र धरू शकणारे दल. आयर्लंडमधील पोलीस दलाचा नमुना त्यांच्यासमोर होता. या कायद्याच्या २२व्या कलमाने पोलीस अधिकारी सदैव कामावर असल्याचे मानले जावे, असे ठरविले. त्या एका वाक्यातील ‘सदैव’ या शब्दाचा भार पोलीस शिपाई आजतागायत वाहत आहे.

वेतनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो १९०२-०३चा आयोग. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमण्यात आला. देशभर फिरून साक्षी घेतल्यावर पोलीस दल अकार्यक्षम आणि लाचलुचपतीने ग्रासलेले आहे, असा निष्कर्ष या आयोगाने काढला. त्याने सुचविलेला उपाय असा : शिपायांकडे केवळ यांत्रिक स्वरूपाची कामे, म्हणजे पहारा, गस्त व कैद्यांची ने-आण, ठेवावीत. तपासाचे व निर्णयाचे काम सुशिक्षित उपनिरीक्षकांकडे द्यावे आणि हे उपनिरीक्षक थेट बाहेरून भरावेत. शिपायाला दरमहा किमान आठ रुपये वेतन असावे, अशी शिफारस या आयोगाने केली. भारतीयांसाठी उपअधीक्षक हे पदही याच आयोगाच्या सूचनेतून निर्माण झाले. सर्वांत वरच्या पदांसाठी १८९३ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा होत असे आणि भारतीयांना तीत बसण्याची मुभा १९२०च्या सुमारास मिळाली.

अशा रीतीने दरवाजांची आजची मांडणी सिद्ध झाली. तिच्या मुळाशी एक गृहीत होते : शिपायाने विचार करावयाचा नसतो, आज्ञा पाळावयाची असते. वेतनही त्याच गृहीताला अनुसरून ठरले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जुन्या ‘इंडियन पोलीस’च्या जागी भारतीय पोलीस सेवा आली. राजवट बदलली, ध्येय बदलले, परंतु उतरंडीचा सांगाडा जवळजवळ तसाच राहिला.

चार दरवाजे

पहिला दरवाजा शिपायाचा. दलातील दर दहा माणसांपैकी आठांहून अधिक माणसे याच दरवाजाने आत आलेली असतात. दिल्ली पोलिसांचे उदाहरण घेतल्यास या भरतीचे स्वरूप स्पष्ट होईल. तेथील शिपायांची निवड कर्मचारी निवड आयोगामार्फत होते. उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा लागतो आणि त्याचे वय १८ ते २५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची, तर इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सवलत असते. पुरुष उमेदवाराची उंची १७० सेंटिमीटर व महिला उमेदवाराची १५७ सेंटिमीटर असणे आवश्यक असते. काही प्रदेशांतील व जमातींतील उमेदवारांसाठी ही अट शिथिल केली जाते. शंभर गुणांची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर धावणे, लांब उडी व उंच उडी यांची चाचणी घेतली जाते. तिशीच्या आतील पुरुषाला १,६०० मीटर अंतर सहा मिनिटांत आणि महिलेला आठ मिनिटांत कापावे लागते. पुरुष उमेदवारापाशी हलके मोटार वाहन चालविण्याचा परवानाही असावा लागतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी व चारित्र्य पडताळणी होते. इतर राज्यांत तपशील बदलतात. महाराष्ट्रात मैदानी चाचणी आधी घेतली जाते व तिच्यातील गुण लेखी परीक्षेच्या गुणांत मिळविले जातात. तामिळनाडूने गणवेशधारी सेवांच्या भरतीसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र मंडळच स्थापन केले.

दुसरा दरवाजा उपनिरीक्षकाचा. महाराष्ट्रात ज्याला लोक आजही ‘फौजदार’ म्हणतात, तोच हा अधिकारी. येथे पदवी आवश्यक असते. महाराष्ट्रात ही निवड लोकसेवा आयोगामार्फत होते, तर दिल्लीत कर्मचारी निवड आयोग केंद्रीय सशस्त्र दलांसह एकत्रित परीक्षा घेतो. गुन्ह्याचा तपास करणे, साक्षीदारांचे जबाब नोंदविणे, न्यायालयात दोषारोपपत्र सादर करणे ही कामे प्रामुख्याने याच पदापासून वर चालतात. तपास अधिकारी म्हणून काम करण्याची ज्याची इच्छा आहे, त्याने या दरवाजाचा विचार करणे श्रेयस्कर होय.

तिसरा दरवाजा पोलीस उपअधीक्षकाचा. राज्याच्या लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा उत्तीर्ण होऊन, गुणानुक्रमाने व पसंतीक्रमाने, या पदावर नियुक्ती होते. हे अधिकारी राज्य पोलीस सेवेचे सदस्य असतात आणि पुढे निवडीने त्यांना भारतीय पोलीस सेवेत बढती मिळू शकते. भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ पदांपैकी सुमारे एक तृतीयांश जागा अशा बढतीसाठी राखून ठेवलेल्या असतात.

चौथा दरवाजा भारतीय पोलीस सेवेचा. त्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. सर्वसाधारण गटासाठी वयोमर्यादा २१ ते ३२ वर्षे असून सहा वेळा परीक्षेस बसता येते. पूर्व परीक्षा केवळ चाळणीसाठी असते. मुख्य परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २,०२५ गुण गुणवत्ता यादीसाठी धरले जातात. पुरुषांसाठी १६५ व महिलांसाठी १५० सेंटिमीटर ही किमान उंची सर्वसाधारणपणे आवश्यक असते. निवड झालेले अधिकारी पायाभूत प्रशिक्षणानंतर हैदराबाद येथील सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत दाखल होतात. ही संस्था १९४८ मध्ये माउंट अबू येथे सुरू झाली व १९७५ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली. १९७२ मध्ये किरण बेदी या सेवेत आल्या. या सेवेतील त्या पहिल्या महिला होत.

या चारही दरवाजांशी गर्दी आहे, परंतु पहिल्या दरवाजाशी लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे या नोकरीचे सामाजिक मोल कळते. उत्तर प्रदेशात शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज आले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली ही परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्याने रद्द करावी लागली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घेण्यात आली. मुंबईत जून २०१४ मध्ये भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या मुलाला निश्चित वेतन, निवासस्थान आणि प्रतिष्ठा देणाऱ्या नोकऱ्या फारशा नाहीत. म्हणून भल्या पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले-मुली देशाच्या कोणत्याही भागात दिसतात.

वेतनाची मांडणी

केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांचे वेतन वेळोवेळी नेमल्या जाणाऱ्या वेतन आयोगांच्या शिफारशींवरून ठरते. न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या अध्यक्षतेखालील सातव्या आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. आठवा आयोग नेमण्यात येईल, अशी घोषणा २०२५ मध्ये झाली. सातव्या आयोगानुसार दिल्ली पोलीस व भारतीय पोलीस सेवा यांतील प्रमुख पदांचे मासिक मूळ वेतन रुपयांत असे ठरले :

शिपाई : २१,७०० ते ६९,१००
हवालदार : २५,५०० ते ८१,१००
साहाय्यक उपनिरीक्षक : २९,२०० ते ९२,३००
उपनिरीक्षक : ३५,४०० ते १,१२,४००
निरीक्षक : ४४,९०० ते १,४२,४००
भारतीय पोलीस सेवा, प्रारंभिक श्रेणी : ५६,१०० ते १,७७,५००
उपमहानिरीक्षक : १,३१,१०० ते २,१६,६००
महानिरीक्षक : १,४४,२०० ते २,१८,२००
राज्य पोलीस दलाचे प्रमुख महासंचालक : २,२५,००० (स्थिर)

महाराष्ट्रात उपअधीक्षकाची प्रारंभिक श्रेणी भारतीय पोलीस सेवेच्या प्रारंभिक श्रेणीइतकीच, म्हणजे ५६,१०० रुपयांपासून सुरू होणारी, ठेवण्यात आली. इतर राज्यांत ती कमी-अधिक आढळते. शिपायाच्या बाबतीतही राज्याराज्यांत भेद आहेत. गुजरातमध्ये ‘लोकरक्षक’ या नावाने भरती झालेल्या शिपायाला पहिली पाच वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठरावीक एकत्रित रक्कम देण्याची पद्धत पडली. म्हणून दोन राज्यांतील वेतनांची तुलना करताना केवळ आकड्यांकडे न पाहता नियुक्तीच्या अटीही वाचणे आवश्यक असते.

मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता आणि दलपरत्वे गणवेश, आहार इत्यादींसाठी भत्ते मिळतात. एका उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. जानेवारी २०२४ पासून केंद्रीय महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ५० टक्के झाला आणि त्याबरोबर मोठ्या शहरांतील घरभाडे भत्ता ३० टक्क्यांवर गेला. त्या वेळी दिल्लीत नव्याने रुजू झालेल्या शिपायाला २१,७०० रुपये मूळ वेतनावर १०,८५० रुपये महागाई भत्ता आणि, शासकीय निवासस्थान न मिळाल्यास, ६,५१० रुपये घरभाडे भत्ता देय होता. ही बेरीज ३९,०६० रुपये होते. इतर भत्ते तीत मिळवावयाचे आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा करावयाची. मूळ वेतनात दरवर्षी तीन टक्के वाढ होते.

आरंभीच्या पायरीवर भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याचे मूळ वेतन शिपायाच्या अडीचपटीहून थोडे अधिक असते. ही तफावत पात्रता व जबाबदारी पाहता फार मोठी म्हणता येणार नाही. खरा फरक पडतो तो पुढील तीस-पस्तीस वर्षांत. अधिकारी एकामागून एक पायऱ्या चढत जातो, शिपाई बहुधा एकच पायरी चढतो.

बढतीचा प्रश्न

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये सादर केलेल्या अहवालात शिपायाला संपूर्ण सेवेत सामान्यतः एकच बढती मिळते व तो हवालदार म्हणून निवृत्त होतो, असे नमूद केले. यावर तोडगा म्हणून केंद्र शासनाने १ सप्टेंबर २००८ पासून नवी योजना अमलात आणली. तीनुसार दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर, बढती मिळालेली नसली तरी, वरच्या श्रेणीचे वेतन मिळते. या योजनेने घरखर्चाचा भार हलका झाला. तरी वेतन वाढते म्हणून अधिकार वाढत नाहीत, आणि वीस वर्षे गुन्हेगारी जवळून पाहिलेल्या माणसाचा अनुभव तपासाच्या उपयोगी आणण्याचा मार्ग त्यातून खुला होत नाही.

वरच्या दरवाजांकडे जाण्याच्या वाटा अगदीच बंद आहेत असे नाही. महाराष्ट्रात उपनिरीक्षकांच्या निम्म्या जागा थेट भरतीने, एक चतुर्थांश खात्यांतर्गत स्पर्धा परीक्षेने आणि उरलेल्या एक चतुर्थांश ज्येष्ठतेनुसार बढतीने भरण्याची तरतूद करण्यात आली. शिपाई व हवालदार यांच्यामधील ‘नाईक’ हे पद २०२२ मध्ये रद्द करण्यात आले. मधली एक पायरी कमी झाल्याने शिपाई निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षकपदापर्यंत पोहोचू शकेल, हा त्यामागील हेतू होता.

कामाचे तास

वेतनाचा विचार कामाच्या तासांपासून अलग करता येत नाही. पोलीस संशोधन व विकास विभागासाठी हैदराबादच्या प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालयाने केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलीस ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून अधिक काम करतात, असे त्यात दिसून आले. ठाणेप्रमुखांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी सांगितले, की त्यांच्या माणसांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही. सणासुदीचे दिवस, निवडणुका, मोर्चे, परीक्षा हे ज्या दिवशी इतरांना सुट्टीचे किंवा धावपळीचे, त्या दिवशी पोलिसाला दुहेरी कामाचे. बिहार व पंजाब यांसारख्या राज्यांत सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा मोबदला म्हणून वर्षाला तेराव्या महिन्याचे वेतन देण्याची प्रथा पडली. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. माणसे पुरेशी असल्याखेरीज असे प्रयोग टिकत नाहीत, आणि रिक्त जागा वेळेवर भरल्याखेरीज माणसे पुरेशी होत नाहीत.

इतर कामगारांना आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघटना असते. पोलिसांच्या बाबतीत १९६६च्या कायद्याने संघटना स्थापन करण्यावर कडक निर्बंध घातले आहेत. केरळसारख्या काही राज्यांत मान्यताप्राप्त पोलीस संघटना आहेत, बहुतेक ठिकाणी नाहीत. परिणामी असंतोष साचत जातो व कधी कधी उसळून बाहेर येतो. १९७९ मध्ये पंजाबात सुरू झालेले पोलिसांचे आंदोलन अनेक राज्यांत पसरले. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांचा उद्रेक आटोक्यात आणण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले.

सुधारणांची दिशा

१९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपला पहिलाच अहवाल, १९७९ मध्ये, मुख्यतः शिपायाला वाहिला, ही घटना लक्षणीय होय. वेतन ठरविताना शिपायाची गणना अकुशल किंवा अर्धकुशल कामगारांत होत आली होती. त्याला कुशल कामगार मानावे, त्याचे शिक्षण व प्रशिक्षण वाढवावे आणि त्याला बढतीची वाट मोकळी करून द्यावी, असे आयोगाने सुचविले. २००० साली पद्मनाभय्या समितीने शिपायांची भरती आवरून उपनिरीक्षकांची वाढवावी, असे मत दिले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने त्याही पुढे जाऊन शिपायाच्या जागी पदवीधरांची साहाय्यक उपनिरीक्षक म्हणून भरती करावी, अशी शिफारस केली. यांपैकी शिक्षणाची पातळी कालांतराने वाढली, वेतनही वाढले. उतरंडीचा पाया मात्र बदलला नाही.

हा प्रश्न केवळ पोलिसांच्या घरखर्चाचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, पूर्वीच्या संहितेप्रमाणेच, ठरावीक परिस्थितीत कोणताही पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, आणि या व्याख्येत शिपाईही येतो. नव्या संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे. रात्री रस्त्यावर भांडण मिटविणारा, अपघातस्थळी प्रथम पोहोचणारा, ठाण्याच्या दारात घाबरलेल्या स्त्रीचे म्हणणे आधी ऐकून घेणारा बहुधा शिपाईच असतो. बळ वापरावे की समजूत घालावी, अटक करावी की सोडून द्यावे, याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. १९०२च्या आयोगाने ज्याला यांत्रिक काम म्हटले, ते काम आता उरलेले नाही. ज्याच्या हाती नागरिकाचे स्वातंत्र्य प्रथम येते, त्याच माणसाला दलात सर्वांत कमी वेतन, सर्वांत कमी कालावधीचे प्रशिक्षण आणि सर्वांत तोकडे भवितव्य मिळावे, ही या रचनेतील मूलभूत विसंगती होय.

या सेवेत येऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींनी म्हणून दरवाजा विचारपूर्वक निवडावा. पदवी असेल, तर शिपाईपदासोबत उपनिरीक्षकाच्या परीक्षेचीही तयारी ठेवावी. शिपाई म्हणून रुजू झाल्यावरही शिक्षण पूर्ण करून खात्यांतर्गत परीक्षेची वाट धरता येते. आपल्या राज्याची अधिकृत जाहिरात मुळातून वाचावी. वय, उंची, आरक्षण व वेतनश्रेणी यांचे नियम तेथेच सापडतात, आणि ते एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत बदलू शकतात. निवड करून देण्याचे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दूर ठेवावे, कारण तो पैसा तर बुडतोच, शिवाय गुन्हा दाखल झाल्यास चारित्र्य पडताळणीत उमेदवारीही बाद होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेतनाचा आकडा पाहताना कामाचे तास, बढतीची शक्यता आणि निवृत्तिवेतनाची योजना या तीन गोष्टी त्याच्या शेजारी मांडून पाहाव्यात. शासनानेही पोलिसांच्या वेतनाचा निर्णय घेताना हाच हिशेब करावयास हवा. पोलीस ठाण्यात जाणाऱ्या नागरिकाला कशी वागणूक मिळेल, हे बऱ्याच अंशी या हिशेबावर अवलंबून राहते.